मुक्तीनंतरची बारा वर्षे

महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील भल्या माणसांना अर्पण केले. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी जे सोसले, त्याबद्दलची ती कृतज्ञता होती. आपल्याकडच्या परिवर्तनवादी सभांत या अर्पणपत्रिकेचा उल्लेख हमखास होतो. त्यापुढचा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. जी चाळीस लाख माणसे सुटली, त्यांचे सुटल्यानंतर काय झाले? बेडी तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या जमिनीवर उभी होती? संध्याकाळची चूल कशावर पेटली? जुलूम झालाच तर फिर्याद ऐकायला कोण बसले होते?

दुसऱ्यांच्या इतिहासातून आपल्यासाठी धडे काढण्याची घाई झाली की तो इतिहास नीट वाचलाच जात नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही हा प्रश्न शक्यतो अमेरिकेपुरताच ठेवणार आहोत. आपला संबंध जिथे खरोखर येतो, तिथे तो सांगूच.

अमेरिकेचे यादवी युद्ध १८६१ ते १८६५ असे चार वर्षे चालले. दक्षिणेची अकरा राज्ये फुटून निघाली, कारण त्यांची सारी दौलत कापसात आणि कापूस पिकवणाऱ्या गुलामांत होती. सहा लाखांहून अधिक सैनिक या युद्धात मेले. त्या काळात अमेरिकेचा कापूस विलायतेला पोहोचेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचा सट्टा चढला आणि १८६५ साली लढाई संपताच भलेभले सट्टेवाले रस्त्यावर आले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत अमेरिकेची यादवी बहुधा एवढ्यापुरतीच येते.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि गुलामगिरी साऱ्या देशात बेकायदा ठरली. मुक्ती तर मिळाली. तिचा अर्थ काय, हे कोणी सांगितले नव्हते.

तो अर्थ मुक्त झालेल्यांनी स्वतःच सांगितला आणि त्याची नोंद झालेली आहे. १२ जानेवारी १८६५ च्या रात्री जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी काळ्या समाजातील वीस धर्मोपदेशकांना बोलावून घेतले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर नावाचा सदुसष्ट वर्षांचा म्हातारा बोलला. आठ वर्षांपूर्वी त्याने सोने-चांदीचे हजार डॉलर मोजून स्वतःला आणि आपल्या बायकोला विकत घेतले होते. माणसाला स्वतःची किंमत भरून स्वतःचा मालक व्हावे लागते, या व्यवहारावर आणखी काय लिहायचे! गुलामगिरी म्हणजे काय, असे स्टँटनने विचारले. दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध जबरदस्तीने त्याचे श्रम घेणे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. मग स्वतःच्या पायावर कसे उभे राहाल? फ्रेझरने सांगितले, आम्हांला जमीन द्या; आमच्या मेहनतीने ती कसू, आणि पुढे ती विकत घेऊ. फुकट खाण्याची भाषा त्यात कुठेच नव्हती.

चार दिवसांनी शर्मनने फर्मान काढले. चार्ल्स्टनपासून फ्लोरिडापर्यंतची समुद्रकाठची बेटे आणि किनाऱ्यापासून तीस मैल आतपर्यंतची, मालक पळून गेलेली जमीन मुक्त कुटुंबांना वाटून द्यायची. दर कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसे चार लाख एकरांवर वसली. भात, मका, रताळी लावली गेली.

या पट्ट्यात जॉर्जियाचे सापेलो नावाचे बेट येते. आपल्या वाचकांनी या बेटाचे नाव ध्यानात ठेवावे. यादवीच्या आधी इथल्या मळ्यावर बिलाली मुहंमद नावाचा गुलाम मुकादम होता. पश्चिम आफ्रिकेतील फुटा जालोन प्रदेशात तो जन्मला, तिथे मदरशात शिकला, पकडला गेला आणि बहामा बेटांवरून सापेलोला विकत आणला गेला. त्याच्या हातची तेरा पानांची अरबी वही जॉर्जिया विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. बरीच वर्षे ती त्याची रोजनिशी असावी असे मानत. वाचता आली तेव्हा कळले की त्यात वुजू, अजान, नमाज यांचे मालिकी फिकहमधले नियम आहेत, आठवतील तसे लिहिलेले. किताब जवळ नाही, उस्ताद नाही, कागदही मालकाचा. अशा स्थितीत तो माणूस लहानपणीचा धडा गिरवत बसला होता.

बिलालीची पणती केटी ब्राउन हिने १९३० च्या दशकात आठवणी सांगितल्या. पणजा-पणजी चटईवर गुडघे टेकून तसबीह ओढत. आजी ठरावीक दिवशी तांदळाच्या चपट्या वड्या करून मुलांना वाटायची आणि त्यांना 'सराका' म्हणायची. सदका हा शब्द त्या घराच्या जिभेवर इतका उरला होता. तोवर बेटावरची सारी माणसे ख्रिस्ती झालेली होती. गुलामगिरीने माणसाचे काय काय नेले याचा हिशेब मांडताना आम्हांला हा एक शब्द विसरता येत नाही.

सापेलो आणि शेजारच्या सेंट कॅथरिन्स बेटावर १८६५ साली ट्यूनिस कँपबेल नावाचा, न्यू जर्सीत जन्मलेला काळा धर्मोपदेशक आला. मुक्त झालेल्या माणसांसाठी सरकारने मार्च १८६५ मध्ये 'फ्रीडमेन्स ब्युरो' नावाचे खाते काढले होते. त्या खात्याने त्याला बेटांचा कारभार पाहण्यासाठी नेमले होते. कँपबेलने जमीन वाटली, शाळा काढल्या, वस्तीचा कारभार चालवण्यासाठी नियम केले आणि राखणीला स्वतःचे दल उभे केले. गोऱ्यांना बेटावर पाऊल ठेवू द्यायचे नाही, असा त्याचा दंडक होता. कोणाला तो कडक वाटेल. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मालकाचा चाबूक पाहिला, त्यांना तो वाटला नसावा.

पण लिंकनचा एप्रिल १८६५ मध्ये खून झाला आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन त्याच्या जागी आला. जॉन्सन टेनेसीचा, गरिबीतून वर आलेला शिंपी. मळेवाल्यांचा त्याला राग होता, आणि काळ्यांचा त्याहून अधिक तिटकारा. मे महिन्यात त्याने माफीचा जाहीरनामा काढला. बंडखोरांनी निष्ठेची शपथ घ्यायची, की त्यांची मालमत्ता परत. म्हणजे ज्या जमिनीवर मुक्त माणसांनी पेरणी केली होती, ती पुन्हा जुन्या मालकाची.

ही बातमी सांगण्याचे काम ब्युरोचा प्रमुख जनरल हॉवर्ड याच्या वाट्याला आले. हा एक हात युद्धात गमावलेला, देवभीरू माणूस होता. ऑक्टोबर १८६५ मध्ये तो दक्षिण कॅरोलायनाच्या एडिस्टो बेटावर गेला. चर्च माणसांनी भरून गेले होते. त्याने जमीन परत करावी लागेल असे सांगताच लोकांनी त्याला बोलू दिले नाही. शेवटी कोणीतरी दुःखाचे भजन सुरू केले, तेव्हा कुठे सभा शांत झाली. बेटावरच्या लोकांनी समिती करून हॉवर्डला आणि अध्यक्षाला पत्रे धाडली. मालकांना क्षमा करा असे तुम्ही म्हणता; मला झाडाला बांधून फटके मारणाऱ्याला, माझ्या आईला आणि बहिणीला झोडपणाऱ्याला, आता माझी जमीन ओढून घेणाऱ्याला मी क्षमा कशी करू, असा त्यांचा सवाल होता. उपयोग झाला नाही. सेंट कॅथरिन्सवर लष्कर आले आणि कँपबेलचीही उचलबांगडी झाली.

पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून मुक्त कुटुंबांना द्याव्यात म्हणून काँग्रेसमध्ये सतत भांडत राहिले. त्यांच्या स्वतःच्या पक्षालाही ते पटले नाही. गुलाम हे मालमत्ता नाहीत, इथपर्यंत उत्तरेचा सज्जन आला होता. जमिनीच्या मालमत्तेला हात लावायला तो तयार नव्हता. आमच्या मते साऱ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे. स्टीव्हन्स १८६८ साली वारले. ज्या कबरस्तानात काळ्यांना मज्जाव नव्हता, तिथेच पुरावे, अशी त्यांची इच्छा होती.

जमीन गेली, आणि तिच्या पाठोपाठ माणूसही पुन्हा हाती यावा म्हणून दक्षिणेच्या विधिमंडळांनी १८६५-६६ मध्ये काळ्यांसाठी वेगळे कायदे केले. मिसिसिपीत दर जानेवारीत, वर्षभराचे काम कोणाकडे आहे याचा लेखी पुरावा दाखवावा लागे. नाही दाखवला तर तो भटक्या; भटक्याला दंड; दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरी. गुलामगिरी हा शब्द तेवढा नव्हता.

एवढे उघड झाल्यावर मात्र काँग्रेस हलली. १८६६ चा नागरी हक्क कायदा जॉन्सनचा नकार ओलांडून मंजूर झाला. १८६७ साली दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग पाडून नव्या मतदार याद्या केल्या गेल्या, आणि त्यात काळ्या पुरुषांची नावे आली. १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली. जो अमेरिकेत जन्मला तो तिथला नागरिक, आणि कायद्याचे समान संरक्षण कोणालाही नाकारता येणार नाही, हे तिने घटनेत घातले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारण्यास बंदी केली. स्त्रिया, काळ्या आणि गोऱ्या, अजून बाहेरच होत्या.

पुढच्या काही वर्षांत जे घडले ते आजही वाचताना नवल वाटते. सुमारे दोन हजार काळ्या माणसांनी लहानमोठी सरकारी पदे भूषवली. मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स १८७० साली सिनेटमध्ये बसले. रॉबर्ट स्मॉल्स १८६२ मध्ये चार्ल्स्टन बंदरातून शत्रूची आगबोट पळवून आपल्या कुटुंबासह निसटलेला गुलाम; तो पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेला. दक्षिणेत सरकारी शाळा उभ्या राहिल्या, आणि त्यांचा लाभ गोऱ्या गरिबांनाही झाला. या राजवटींत लाचलुचपत झाली हे खरे आहे. त्या काळी न्यूयॉर्कातही ती मजबूत चालली होती, पण तेवढ्यावरून गोऱ्यांना मताधिकार पेलत नाही असे कोणी म्हटले नाही.

आम्हांला सिनेटच्या खुर्च्यांपेक्षा छोट्या गोष्टी अधिक हलवतात. विकल्या गेलेल्या आई-बापांचा, मुलांचा शोध घेण्यासाठी लोक वर्तमानपत्रांत जाहिराती देत. आईचे नाव अमुक, शेवटी अमक्या मालकाकडे होती, कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. पुढे कित्येक वर्षे अशा जाहिराती येत राहिल्या. गुलामांच्या लग्नाला कायद्यात अर्थ नव्हता, म्हणून म्हातारी जोडपी आपले लग्न सरकारदरबारी नोंदवायला रांगा लावून उभी राहिली. १८७१ मध्ये सापेलोवरच्या तीन मुक्त शेतकऱ्यांनी भागीदारी करून सुमारे हजार एकर जमीन विकत घेतली. फ्रेझरने सव्हानात हेच मागितले होते. त्या तिघांतील एकाचे नाव बिलाली बेल होते.

हे सारे पाहणाऱ्या जुन्या मालकवर्गाने बंदूक उचलली. कू क्लक्स क्लॅन टेनेसीत जन्मली आणि दक्षिणभर पसरली. शाळा जाळणे, शिक्षकांना फटके मारणे, निवडून आलेल्याला रात्री घरातून ओढून नेणे, हा तिचा कार्यक्रम. अध्यक्ष ग्रँटने १८७१ साली दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत लष्कर घालून तिचा कणा मोडला. म्हणजे मनात असले की सरकारला ते जमत होते. पण ब्युरोचे सबंध दक्षिणेत एका वेळी नऊशेहून अधिक अधिकारी कधी नव्हते, आणि १८७२ साली ते खातेही बंद झाले.

आता पुन्हा १८७३ कडे येऊ. त्या वर्षी १३ एप्रिलला ईस्टरचा रविवार होता. लुइझियानातील कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादावरून काळ्या नागरिकांनी कोर्टाची इमारत धरून ठेवली होती. दीडशेच्या आसपास हत्यारबंद गोरे तोफ घेऊन आले. त्यांनी कोर्टाला आग लावली, आणि शरण आलेल्यांना कैद करून रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगतात. प्रेते नदीत गेल्याने नक्की मोजदाद झाली नाही. जवळजवळ शंभर जणांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा तिघांना लागली, आणि १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे असे की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही. तुम्हांला मारणारा सरकारी नोकर नसेल तर दिल्लीला, क्षमा करा, वॉशिंग्टनला जाऊन उपयोग नाही.

कोलफॅक्सनंतर साडेपाच महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीरावांनी ज्या त्यागाचे कौतुक केले तो त्याग खराच होता. त्याच्या फळाची लूट त्याच वर्षी भर दुपारी चालली होती, एवढेच.

त्याच सप्टेंबरात फिलाडेल्फियाची मोठी पेढी बुडाली, मंदी आली आणि उत्तरेचे लक्ष दक्षिणेवरून उडाले. पुढच्या वर्षी मुक्त माणसांच्या बचतीसाठी काढलेली बँकही बुडाली. तिच्या साठ हजारांवर खातेदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. आधी मजुरी बुडवली गेली होती, आता बचत. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत घोळ झाला. हेज एका मताने अध्यक्ष ठरला, आणि १८७७ मध्ये दक्षिणेच्या राजधान्यांत पहारा देणारे शेवटचे सैनिक बराकीत परतले. बारा वर्षे संपली.

कँपबेलचे काय झाले? बेटावरून हाकलल्यावर तो डॅरियन गावी स्थायिक झाला, आणि १८६८ साली जॉर्जियाच्या सिनेटवर निवडून आला. त्याच वर्षी त्याला व इतर काळ्या सदस्यांना केवळ वर्णावरून बाहेर काढले गेले. ते पुन्हा आत आले १८७० साली. तो गावचा न्यायाधीशही होता, आणि काळ्या मजुराला फसवणाऱ्या गोऱ्याला कोर्टात उभे करायला कचरत नसे. १८७६ मध्ये अशाच एका प्रकरणावरून त्याच्यावर खटला भरला गेला. चौसष्टीकडे झुकलेल्या या माणसाला कैदी-मजूर म्हणून एका मळ्यावर भाड्याने देण्यात आले. तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या मजुरीला मुभा आहे. दक्षिणेच्या राज्यांनी त्या फटीतून हजारो माणसे पुन्हा मळ्यांत आणि खाणींत नेली.

बाकीच्यांना बांधायला दावण्याची गरज पडली नाही, वही पुरली. जमीन मालकाची, बियाणे-मीठ-पीठ दुकानदाराकडून उधार, उभे पीक तारण. हंगामाला कापूस वजनावर गेला की कर्ज थोडे उरतेच. हे वाचताना आपल्या नगर-पुण्याच्या शेतकऱ्याची आठवण येणे साहजिक आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे गहाणखतांचे कागद जाळले. कापसाची तेजी ओसरल्यावर वाढलेले कर्ज हे त्या दंग्याचे एक कारण होते. एकाच बाजाराचा भाव जॉर्जियाच्या आणि दख्खनच्या कुळाची मान धरून होता.

मत काढून घेण्याचे काम सावकाश झाले. मतपट्टी, घटनेचा उतारा समजावून सांगण्याची परीक्षा, नाना युक्त्या. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते. १९०४ साली ते १,३४२ उरले. पंधरावी दुरुस्ती या काळात घटनेत जशीच्या तशी होती.

मग इतिहासाची पाळी आली. कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी लिहिले की ही बारा वर्षे म्हणजे अडाणी काळ्यांच्या हाती सत्ता दिल्याने झालेला अनर्थ होता. अनेक पिढ्या अमेरिकेने हेच शिकले. डनिंग तिथे शिकवत होते त्याच काळात, १९१३ ते १९१६, डॉ. आंबेडकर त्या विद्यापीठात विद्यार्थी होते. या मताला डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ साली आपल्या जाडजूड ग्रंथाने उत्तर दिले, आणि गोऱ्या प्राध्यापकांनी ते बरीच वर्षे कानाआड केले. १९४६ साली आंबेडकरांनी याच दु बॉइसना पत्र लिहिले. निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीत फार साम्य असल्याचे सांगून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. दु बॉइसनी आस्थेने उत्तर दिले. जोतीरावांनी अमेरिकेच्या भल्या माणसांना लिहिले होते. त्र्याहत्तर वर्षांनी आंबेडकरांनी, ज्यांच्यासाठी ते भले झाले होते त्यांनाच लिहिले.

कोलफॅक्समध्ये सरकारने १९५० च्या सुमारास फलक लावला होता. इथल्या 'दंग्याने' दक्षिणेतील उपऱ्यांच्या कुशासनाचा शेवट झाला, असा त्याचा आशय. तो २०२१ साली काढला गेला, आणि २०२३ मध्ये मारल्या गेलेल्यांच्या नावांचे स्मारक तिथे उभे राहिले.

घटनेतले ते शब्द मात्र झोपले तरी मेले नव्हते. १९५४ साली शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला तो चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने पंधराव्या दुरुस्तीला पुन्हा दात दिले. आपल्या कोकणातली, पुण्या-मुंबईची कित्येक मुले नोकरीसाठी अमेरिकेत गेली. तिथे झालेली त्यांची लेकरे जन्मतः नागरिक ठरली, ती याच चौदाव्या दुरुस्तीमुळे. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षांनी आदेश काढून तात्पुरत्या व्हिसावरील आई-बापांच्या मुलांना हा हक्क नाकारला, तेव्हा न्यायालयांनी तो आदेश रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुक्त गुलामांसाठी लिहिलेल्या एका वाक्यावर रत्नागिरीच्या आजीच्या नातवाचा पासपोर्ट अवलंबून असावा, हे तिला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

सापेलोवर आता हॉग हॅमक नावाची एकच जुनी वस्ती उरली आहे, आणि तिथे त्या गुलामांचे काही डझन वंशज राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटीने तिथे मोठी घरे बांधायला मुभा देणारा नियम केला. श्रीमंतांचे बंगले आले की जमिनीचा कर वाढणार आणि आपल्याला विकून जावे लागणार, म्हणून रहिवाशांनी सह्या गोळा करून जनमताची मागणी केली. ते मतदान कोर्टाने थांबवले. २०२५ साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तो नियम मतपेटीतून रद्द करण्याचा हक्क लोकांना आहे.